पावती क्रमांक एक

४ मार्च, सोमवार

गेल्या निवडणुकीची जमाखर्चाची वही अर्धी कोरी राहिली होती. चांगला जाड कागद, दोन्ही बाजूंनी आखलेला. टाकवत नाही, म्हणून तीत लिहायला बसलो आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात आकडे सोडून काही लिहिलं नाही, तेव्हा काय उजेड पडणार आहे ते दिसेलच.

आज प्रचार कार्यालयात निवडणूक खात्याचं पत्र आलं. यंदापासून नवा नियम. मागच्या दोन निवडणुकांच्या पावती-पुस्तकांतल्या पहिल्या दहा पावत्या तपासणार. ज्याच्या नावावर पावती, त्याला टपालाने कार्ड जाणार. कार्डावर छापील प्रश्न: ही देणगी आपण स्वतः दिली काय? होय किंवा नाही, खाली सही. कार्ड परत टाकायची शेवटची तारीख अठरा.

पत्र वाचून मी दोनदा चष्मा पुसला. बाई समोरच बसल्या होत्या, मतदारसंघाच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा करत.

"काय आलंय?"

"नेहमीचंच," म्हटलं. "नवे नियम. पावत्या तपासणार आहेत."

"तपासू देत की. आपल्याला कसली भीती?"

मला होती. तिचं कारण जगात एकट्या मला ठाऊक आहे. या वहीला सांगणार आहे, पण आज नको, आज धीर होत नाही.

५ मार्च, मंगळवार

आधी सोपं सांगून घेतो.

बाई तीस वर्षं खासदार आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात, अगदी त्यांच्या विरोधात मत देणारेही. मी बाई म्हणतो. आम्ही एका शाळेत होतो; त्या भूमिती शिकवायच्या, मी फीच्या खिडकीत बसायचो. पुढे त्या सगळ्यांच्या ताई झाल्या, पण माझी जीभ काही तशी वळली नाही. का ते सांगता येणार नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा आमच्याकडे एक सायकल, एक भोंगा आणि एक पावती-पुस्तक होतं. बाईंनी नियम काढला की एका माणसाकडून एका निवडणुकीत त्याच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त घ्यायचं नाही. हमालाने हमालाचा दिवस द्यावा, डॉक्टरने डॉक्टरचा. लोक आजही येऊन म्हणतात, "माझा दिवस लिहून घ्या." पावतीवर नाव, व्यवसाय, रक्कम आणि छापील ओळ, ‘एक दिवस मिळाला.’ पहिल्या वेळी आमची अनामत जप्त झाली. पुढच्या सहा निवडणुका बाईंनी याच पैशावर जिंकल्या. एकदा एका सिमेंटवाल्याने भरलेली पिशवी पाठवली. बाईंनी निरोप धाडला, तुमचा एक दिवस तेवढा ठेवून घेते, पण तो किती होतो ते सहीनिशी लिहून द्या. तो लिहून देईना, कारण आयकराच्या कागदांत त्याने भलताच दिवस दाखवला होता. आम्ही आठवडाभर हसत होतो.

दुसरा नियम माझ्यापुरता. जो पैसे घेतो त्याने पैसे द्यायचे नाहीत. सात निवडणुका मी जगाचे दिवस लिहून घेतले, माझा एकदाही दिला नाही. माझी बायको म्हणायची, "तुमची पावती-पुस्तकं म्हणजे माझी सवत." मी म्हणायचो, सवत कसली, काम आहे ते. त्यावर ती माझ्याकडे बघून नुसती हसायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. ते हसणं मला अजून कळलेलं नाही.

आणि पावती क्रमांक एक. ती नेहमी दादांची. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, घड्याळजी. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायचे, नोटांची गुंडाळी करून तिला दोरा बांधलेला असायचा, ती टेबलावर ठेवायचे. बाकी पावत्या हातोहात मिळतात, पण दादांची बाई स्वतः लिफाफ्यात घालायच्या, स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहायच्या आणि टपालात टाकायच्या. भाऊ समोर उभा असला तरी. "सरकारी काम आहे, असं हातात देत नसतात," म्हणायच्या. दादा कपाळाला हात लावायचे आणि खूश होऊन घरी जायचे.

अकरा वर्षांपूर्वी संसदेत नव्या महामार्गाचा ठराव आला. बाईंनी बाजूने मत दिलं. महामार्गात जुन्या दुकानांची अख्खी रांग गेली आणि त्या रांगेत त्यांच्या वडिलांचं घड्याळाचं दुकान होतं. दादा भर रस्त्यात म्हणाले, "आजपासून मला बहीण नाही." ते आजतागायत.

६ मार्च, बुधवार

आता ते.

भांडणानंतरची पहिली निवडणूक. पहिला दिवस. रांग बाहेरपर्यंत गेली होती आणि बाई मला पहिली पावती फाडू देईनात. सारख्या दाराकडे बघत होत्या. दुपारी शेवटी म्हणाल्या, "खजिनदार, दोनपासून सुरू करा. एक राहू दे." आवाज नेहमीचाच होता. संध्याकाळी त्या सभेला गेल्या. मी खिशातून पैसे काढले, पेटीत टाकले आणि पावती क्रमांक एकवर दादांचं नाव घातलं. घड्याळजीचा दिवस किती होतो ते मला काय ठाऊक. मागच्या निवडणुकीच्या पावतीवरचा आकडा होता तसा उतरवला.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, दादा येऊन गेले, तुम्ही नव्हतात.

बाईंनी लिफाफा घेतला आणि पत्ता लिहिला. चार ओळींच्या पत्त्याला पाच मिनिटं लावली.

पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. दोन्ही वेळा मी महिनाभर धास्तावलेला होतो, की दादा आता पावती घेऊन येतील आणि टेबलावर आपटतील. ते आले नाहीत. का आले नाहीत तेही कळलं नाही, आणि मी विचारायला गेलो नाही.

आता त्यांच्याकडे कार्ड जाईल. ते ‘नाही’वर खूण करतील, आणि का करू नये? मग खोट्या नावाने देणगी घेतल्याचा ठपका बाईंवर. तीस वर्षांत त्यांच्या हिशेबात एक खडा सापडला नव्हता. खडा टाकला तो मी, त्यांच्याच खजिनदाराने.

९ मार्च, शनिवार

प्रचाराच्या वकिलांना गाठलं. हुशार माणूस, जेवतानाही कलमं सांगतो. मी म्हटलं, एका ओळखीच्याची गोष्ट आहे. त्यांनी मला अर्धं वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"कितव्या नंबरची पावती, खजिनदार?"

सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"त्या भावाला भेटा. ‘होय’वर एक खूण करायला लावा. घोडं तिथंच पेंड खातंय, बाकी काही नाही."

"आणि त्यांनी नाही केली तर?"

"तर उमेदवारी रद्द होईलच असं नाही. पण समोरचे दुसऱ्या दिवशी पोस्टर छापतील, खोट्या पावतीची ताई. मग सभेत काय सांगणार तुम्ही, एक दिवस, एक माणूस? आणि हे बघा, ताईंना यातलं काही सांगू नका. त्यांना माहीत नसलेलंच बरं."

हा सल्ला मला फार आवडला. म्हणून घरी येताना स्वतःची लाज वाटली.

११ मार्च, सोमवार

बाई म्हणाल्या, "आज बेरीज दोनदा केलीत. बरं नाही का?"

चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हटलं. त्यांनी चहा मागवला आणि माझ्या कपात दीड चमचा साखर घालून ढवळून दिला. मी दीड चमचा घेतो हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. एवढं कशाला लिहितोय कोण जाणे. दिवसभरात दुसरं काही घडलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

दादांकडे जाऊन आलो.

नवं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे, कपाटाएवढं. चार पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं. दादा भिंग डोळ्याला लावून बसले होते. पंचाहत्तरीचे झालेत, हात मात्र स्थिर.

"या खजिनदार. डोकं सांभाळा. वर इमारत आहे."

बसायला स्टूल दिलं. समोर त्यांचं कामाचं टेबल, त्यावर काच, आणि काचेखाली सात पावत्या. मी मोजल्या. सातही क्रमांक एकच्या. बाजूला निवडणूक खात्याचं कार्ड, कोरं.

मी घसा साफ केला. रात्रभर पाठ केलेलं भाषण होतं. त्यातलं एक वाक्य बाहेर पडायच्या आत दादांनीच काचेवर बोट ठेवलं.

"या पाच माझ्या. या दोन तिच्या."

"तिच्या?"

"मग कुणाच्या? मी काही दिले नव्हते. तिने आपल्या पदरचे घातले माझ्या नावावर. पावती आली तेव्हा डोक्यात तिडीक गेली, फाडायलाच निघालो होतो. मग आकडा बघितला."

त्यांनी भिंग काढून पुसलं.

"हा आकडा जुन्या दुकानाचा आहे, खजिनदार. या बिळात माझा दिवस याच्या निम्म्यानेही होत नाही. ते तिला माहीत आहे, तिला सगळं माहीत असतं. तरी तिने जुन्या दुकानाचा दिवस धरला. म्हणजे माझं काय गेलं ते तिला कळलंय. आमच्या घरात तोंडाने कुणी चुकलो म्हणत नाही. बाप तसाच होता. तिने पावतीवर म्हटलं. मला पुरलं तेवढं."

मी विचारलं, "मग तुम्ही गेला का नाहीत त्यांच्याकडे?"

"जाणारच होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन महिने झाले. मग दोन वर्षं झाली. जितका उशीर होईल तितकं मोठं काहीतरी घेऊन जावं लागतं ना माणसाला. माझ्याकडे आहे काय? घड्याळं, तीही दुसऱ्यांची."

मग कार्ड उचलून म्हणाले, "यासाठीच आलात ना? काळजी करू नका. होय करतो. रविवारी दुकान बंद करताना टाकीन पेटीत. बहिणीसाठी एवढं खोटं बोललो तर आभाळ कोसळणार नाही."

जे मागायला गेलो होतो ते न मागता मिळालं. जीव भांड्यात पडायला हवा होता. चार पायऱ्या चढून वर आलो आणि इमारतीच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिलो.

१५ मार्च, शुक्रवार

बाईंना वाटतं, दादांनी माफ केलं. दादांना वाटतं, बाईंनी चूक कबूल केली. दहा वर्षं दोघंही एकमेकांचे उपकार मानत आपापल्या घरी बसली आहेत, आणि दोघांच्या मध्ये मी बसलोय, पावती-पुस्तक काखोटीला मारून.

पावती नसती तर दादा आणखी वर्षभर चिडले असते आणि मग एक दिवस येऊन भांडले असते. भांडण झालं असतं, मिटलंही असतं. मी त्यांचं भांडणच होऊ दिलं नाही.

आता गप्प बसलो तर सगळं वाचतं. बाईंची जागा वाचते, नाव वाचतं, मीही वाचतो. दादा ते दोन कागद काचेखाली बघत राहतील. त्यावर अक्षर माझं आहे. रोज बघतात, कळलं नाही त्यांना.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून एक आणखी लिहितो. त्या दोन संध्याकाळी पेटीत पैसे टाकताना मला फार आनंद झाला होता. चोरून आनंद व्हावा तसा. चांगलं काम केल्याचा असेल.

१७ मार्च, रविवार

सांगितलं.

कार्यालय रविवारी रिकामं असतं. बाई भाषणाच्या कागदांना पानांचे आकडे घालत होत्या. मी समोर उभा राहिलो, बसलो नाही. शाळेत फी न भरलेली मुलं खिडकीशी उभी राहायची तसा. दोन्ही पावत्यांचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नोटांना चार घड्या होत्या," त्या म्हणाल्या. "दादा गुंडाळी करतो."

मला आधी कळलंच नाही.

"दोन्ही वेळा चार घड्या. पैशाला अशी घडी घालणारा माणूस मी एकच बघितलाय. पेटी मीही उघडते, खजिनदार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता. विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं ऐकावं लागलं असतं. मला एक भाऊ हवा होता, निदान पावतीवर तरी." मग म्हणाल्या, "का केलंत?"

"तुम्ही दाराकडे बघत होतात."

एवढंच आलं तोंडातून. पाठ केलेलं सगळं विसरलो. बाई उठल्या आणि खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडीच होती. तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या थोडा वेळ. मला वाटलं, फार रागावल्या.

मग मी दादांचं सांगितलं. काच, सात पावत्या, जुन्या दुकानाचा दिवस. त्या झटकन वळल्या.

"तो आकडा कुणी काढला?"

"मीच. मागचा उतरवला होता. माझ्या डोक्यात काही नव्हतं हो."

"म्हणजे दहा वर्षं तो माझ्या माफीवर जगतोय, आणि मी ती मागितलेलीच नाही." त्यांनी पिशवी उचलली. "चला."

"कुठे?"

"तो कार्ड टाकायच्या आत."

दादांचं दुकान रविवारीही उघडं असतं. बाई खाली गेल्या. दोघं मावतील एवढीच जागा, म्हणून मी वर रस्त्यावर थांबलो. दाराच्या काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

दादांनी वर बघितलं. भिंग डोळ्यावर तसंच. बाई वाकून उभ्या, छत खाली आहे. मग दादांनी घड्याळं पुसायच्या फडक्याने स्टूल पुसलं. बाई बसल्या आणि बोलू लागल्या. बोलता बोलता काचेखालच्या सहाव्या पावतीवर बोट ठेवलं, मग सातव्या, आणि मग तेच बोट वर माझ्याकडे केलं. दादा भिंगातून माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. पुन्हा वर केली तेव्हा दादा उभे राहून हातवारे करत होते, आणि बाईही तेवढ्याच जोरात. भांडत होती दोघं, अगदी कडाकडा. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. वरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला, त्याला मी हाकलला.

मग शांत झालं. दादांनी टेबलावरची काच उचलली, त्या दोन पावत्या काढून तिच्या हातात दिल्या. आणि तिचं मनगट धरून त्यावरचं घड्याळ सोडवलं, कानाला लावलं, आणि कपाळाला हात मारला. किती वर्षं तेल घातलेलं नसणार. ती रडत होती का हसत होती ते काचेतून कळेना. ते घड्याळ उघडून बसले आणि तिने हात तसाच पुढे धरून ठेवला होता, शाळकरी मुलीसारखा.

वर मी बाईंना ‘ती’ लिहून गेलोय. जमाखर्चाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. राहू दे.

परत येताना विचारलं, काय म्हणाले.

"म्हणाला, खोटी माफी दहा वर्षं पुरली, आता खरी माग."

"मागितलीत?"

"मागितली. रस्त्याची नाही. रस्त्यासाठी आजही तेच मत देईन, तेही त्याला सांगितलं. त्यावरच भांडलो. पण दुकान पाडलं त्या दिवशी मी इथे आले नाही. राजधानीत काम काढून बसले. त्याची मागितली."

चौकाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "मनगट हलकं लागतंय. मंगळवारी देणार आहे."

१८ मार्च, सोमवार

दादांनी कार्डावर ‘नाही’ला खूण केली आणि स्वतः जाऊन दिलं.

बाईंनी निवडणूक खात्याला पत्र लिहिलं. वकील सकाळपासून कार्यालयात येरझाऱ्या घालत होते. माझं नाव कुठे घालायचं यावर वाद झाला. मी म्हटलं, पहिल्या ओळीत. बाईंनी तसंच घातलं. पण दुसऱ्या ओळीत लिहिलं, ‘मला संशय होता आणि मी विचारलं नाही.’

"हे वाक्य काढा, ताई," वकील म्हणाले. "हे कुणालाही कळणार नव्हतं. उगाच अंगाशी येईल."

"आलंच आहे अंगाशी. तेच वाक्य ठेवायचंय."

वकिलांनी हात वर केले. पत्र मी टपालात टाकलं. खजिनदार म्हणून टाकलेलं शेवटचं.

२५ मार्च, सोमवार

निकाल आला. दोन्ही देणग्या सरकारजमा, वर दंड, वर्तमानपत्रात जाहीर खुलासा. उमेदवारी कायम. मला कुठल्याही उमेदवाराचा खजिनदार यापुढे होता येणार नाही. ठीक आहे. दुसऱ्या कुणाचा कोण होणार होतं?

दंड बाईंच्या मानधनातून जायचा आहे. अर्धा माझा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "वाक्य माझं होतं, दंड माझा."

पोस्टर लागली आहेत. वकील म्हणाले होते तेच शब्द. चौकातला न्हावी, जो सात वेळा दिवस देऊन गेला, तो आज माझी दाढी करताना एक अक्षर बोलला नाही. नेहमी त्याचं तोंड बंद करायला टॉवेल लागतो.

नव्या खजिनदार आल्या. बँकेत रोखपाल होत्या, आता निवृत्त. पेटीची किल्ली, शिक्का, कोरी पुस्तकं त्यांच्या हवाली केली. त्यांनी किल्ली घेऊन सही करून दिली. मला बरं वाटलं, शिस्तीची बाई आहे. घरी आल्यावर सवयीने खिसा चाचपला आणि किल्ली नाही म्हणून घाबरलो. मग आठवलं.

१ एप्रिल, सोमवार

आज पावती-पुस्तक उघडलं.

जाऊ नये असं ठरवलं होतं. साडेआठलाच दाढी करून तयार होतो, तेव्हा गेलो. पस्तीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला असायचो. या बाजूने खोली फार लहान दिसते. बाई नकाशाजवळ होत्या. मनगटावर घड्याळ होतं.

माझ्या आधी एकच माणूस उभा होता. दादा. पाठमोरे, हातात काठी.

"माझा दिवस लिहून घ्या," ते म्हणाले आणि दोऱ्याने बांधलेली गुंडाळी टेबलावर ठेवली. बारीकशी होती. नव्या खजिनदारबाईंनी दोरा सोडला, मोजलं, पावती फाडली. बाई पुढे आल्या आणि पावती उचलून लिफाफ्यात घातली.

"अगं, मी इथेच उभा आहे," दादा म्हणाले.

"सरकारी काम आहे."

दादांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खजिनदार, माझ्या नावावर तेवढा मोठा दिवस लिहीत होतात. आयकरवाले माझ्या मागे लागले असते म्हणजे?"

पुढे मी. नव्या खजिनदारबाई नियमाच्या पक्क्या.

"नाव?"

सांगितलं.

"व्यवसाय?"

मला उत्तर येईना. इतक्या लोकांना मी हा प्रश्न विचारला आणि एकदाही वाटलं नाही की अवघड आहे. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

"रकाना कोरा ठेवता येत नाही, साहेब."

"निवृत्त," म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदाच निघाला.

रक्कम मी घरूनच काढून आणली होती. महिन्याचं निवृत्तिवेतन भागिले तीस. शाळेतल्या मुलालाही येईल असा भागाकार, तीन वेळा करून बघितला. नोटा टेबलावर ठेवल्या. चार घड्या. खजिनदारबाई एकेक घडी उलगडून मोजत होत्या आणि बाई बाजूला उभ्या राहून त्या नोटांकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही बघितलं.

मी पावतीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात बाईंनी ती उचलली.

"जा तुम्ही," म्हणाल्या. "टपालाने येईल."

तरी संध्याकाळपर्यंत दाराशी बसून राहिलो. गेल्या वेळी पहिल्या दिवशी चारशेच्या वर दिवस आले होते. आज एकशे अकरा. शेवटचा न्हाव्याचा. पैसे टाकून, न बोलता निघून गेला, पण दिवस पूर्ण होता. बाई निवडून येतील की नाही ते मला सांगता येत नाही. आकडे बघता अवघड आहे. मी इतक्या वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं आणि आज म्हणताना भीतीही वाटत नाही.

३ एप्रिल, बुधवार

टपालवाला अकराला आला. विजेचं बिल आणि एक लिफाफा.

लिफाफा लगेच फोडला नाही, आधी चहा केला. अक्षर बाईंचं. फळ्यावर लिहायच्या तसंच, सरळ, प्रत्येक शिरोरेघ ओढलेली. पस्तीस वर्षं त्यांनी मला चिठ्ठ्या लिहिल्या, शेकड्यांनी असतील, सगळ्यांवर वर ‘खजिनदार’ असायचं. या लिफाफ्यावर माझं नाव होतं. माझं, वडिलांचं आणि आडनाव, पूर्ण. त्यांना ते येतं हे मला माहीतच नव्हतं. घराचा क्रमांक, गल्ली, सगळं चार ओळींत. चौथ्या ओळीशी शाई जरा जास्त उतरली आहे, पेन तिथे थांबलं असावं.

आत पावती क्रमांक दोन. व्यवसाय निवृत्त. एक दिवस मिळाला.

तीनदा वाचली. बायकोच्या फोटोसमोर धरली, का ते माहीत नाही. ती तशीच हसत होती, आणि मलाही थोडं हसू आलं.

कुठे ठेवायची हा प्रश्न पडला. कपाटात घालवेना. माझ्या टेबलाला काच नाही. उद्या माप घेऊन काचवाल्याकडे जायचं आहे.